शिवकांताकाकूंनी हात वर केला

ताडकळसच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा राहायला खोली मिळाली ती शिवकांताकाकूंच्या किराणा दुकानावर. वर जायचा जिना दुकानाच्या आतूनच होता. त्यामुळं शाळा सुटली की साखरेच्या पोत्याला वळसा घालून, काकूंच्या गल्ल्यासमोरूनच मला जावं लागे, आणि काकूंनी मला सरळ वर जाऊ दिलंय असं फार क्वचित व्हायचं.

"मॅडम, जरा टेका. एक इचारायचं हाय."

मी डाळीच्या डब्यावर टेकायची. काकू कागदाच्या पुड्या बांधत बोलायच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या येऊन जमाना झाला, तरी जिरं-मोहरी त्या कागदातच बांधून द्यायच्या. बोलताना माणसाकडं बघायच्या नाहीत, पुडीकडं बघायच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत घामानं ते पुसले जात, मग गल्ल्यातल्या डबीतून पुन्हा ओढून घेत. आणि एखादी गोष्ट पार शेवटापर्यंत सांगून झाली, की वर म्हणायच्या, "आता मला काय ठावं, बाई."

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. काकू आधी हो म्हणायच्या आणि मग काय विचारलंय ते ऐकायच्या. गिऱ्हाईक "काकू, शेंगदाणे..." एवढं म्हणेपर्यंत यांचा हो झालेला, आणि शेंगदाणे संपलेले असायचे. ग्रामसभेत बायकांच्या रांगेत बसल्या की कुठल्याही ठरावाला हात वर. त्यांचा मुलगा महेश चिडायचा. म्हणायचा, "आई, कशाला हात वर केलास ते तरी ठाऊक हाय का?" काकू म्हणायच्या, "समदे करायलेत मनल्यावर आपला एकटीचा खाली बरा दिसतो का?"

माझ्या तिथं येण्याला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा काकू स्कॉटलंडला गेल्या. थोरली मुलगी राजश्री तिथं दवाखान्यात नर्स होती, तिचं दुसरं बाळंतपण होतं. ताडकळसहून पूर्णा आणि नांदेडच्या पलीकडं फारशा न गेलेल्या काकू स्वेटर, काळा मसाला आणि विभूतीच्या गोळ्या घेऊन विमानात बसल्या. सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता थंडी, बर्फ, विमान, नातवाचं कौतुक ऐकायला मिळणार. काकू त्यातलं काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी जिन्याशी आले तर म्हणाल्या,

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. मला एक सांगा, देऊळ विकता येतं का?"

मी म्हटलं, "कोणतं देऊळ?"

"तितलं. आमचं."

तेव्हापासून ते "आमचं" गावात फिरायला लागलं.

हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं, उलटसुलट क्रमानं मला जे कळलं ते असं. राजश्रीचं घर एका खेड्यात होतं. त्याचं नाव काकू कधी किरकवाडी सांगायच्या, कधी किरलीगाव. आजूबाजूला मेंढरांची कुरणं, आणि गावाच्या टोकाला दगडी चर्च. ज्या भागासाठी ते बांधलेलं, त्या सगळ्या भागाला त्या चर्चचंच नाव. लग्न तिथं, बारसं तिथं, माती तिथं. एके दिवशी काकू नातवाला ढकलगाडीत घालून निघाल्या आणि वाऱ्यानं बेजार झाल्या. चर्चला लागून एक खोली होती, तिच्या खिडकीत दिवा होता. आत म्हाताऱ्या बायका चहा पीत बसल्या होत्या. काकूंनी दार ढकललं आणि आत गेल्या.

"कुणी मला नाव इचारलं न्हाई, मॅडम. गाव न्हाई, जात न्हाई. एक बाई सरकली, मी बसले."

सरकलेल्या बाईचं नाव मार्गारेट. एका मेंढपाळ शेतकऱ्याची विधवा, उंच, काकूंसारखीच गुडघ्यानं अधू. चर्चची किल्ली तिच्याकडं असायची. काकू तिला मार्गीअक्का म्हणत आणि ती काकूंना नुसतं शिवा. काकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि मार्गारेटबाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. काकूंनी दारात चपला काढल्या. देवाची जागा, आत चपला कशा न्यायच्या? खाली बर्फासारखी गार फरशी. बायकांना वाटलं, हिच्या पायाला काही लागलंय. एकीनं वाकून तळवे तपासले, दुसरी मलम घेऊन आली. काकू हो हो म्हणत राहिल्या, आणि चांगल्या पायांना मलम लावून घरी आल्या. पुढच्या आठवड्यात दाराशी लोकरीच्या मोज्यांचा एक जोड ठेवलेला होता, मार्गारेटबाईंनी विणलेला. केकमध्ये अंडं असतं म्हणून काकू नुसता चहा घेत. तेही त्यांच्या लक्षात आलं, आणि मग बिनअंड्याच्या, ओट आणि काकवीच्या वड्या यायला लागल्या. "मी एक डाव सांगितलं न्हाई, बाई. कसं कळलं असंल?" हे काकू मला पुष्कळदा विचारायच्या. मी म्हणायची, राजश्रीनं सांगितलं असेल. ते त्यांना पटायचं नाही.

कपबशा विसळायचं काम काकूंनी आपण होऊन घेतलं. मग रविवारीही जायला लागल्या.

चर्चच्या आत देवच नव्हता, हे त्यांना सगळ्यात आधी खटकलं. मूर्ती नाही, तसबीर नाही, साधी वात नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, आणि उंचावर एक लाकडी मचाण, त्यावरून प्रवचन. प्रवचन सांगणारी बाईच होती. सगळे खाली मान घालून डोळे मिटायचे तेव्हा काकूंना वाटलं, ही पूजेची वेळ. मग लिंगायत रीतीप्रमाणं त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं आणि आपली पूजा करून घेतली. डोळे उघडले तर मार्गारेटबाई बघत होत्या. "मी म्हनलं, आता हाकलतेत. पर त्यांनी पुन्यांदा डोळे मिटून घेतले."

त्या चर्चचा जुना इतिहास काकूंना राजश्रीनं पाट्या वाचून सांगितला होता. तो त्यांनी आमच्या गावाला सांगितला, आणि त्यातला एक भाग गावाला चटकन कळला. फार पूर्वी तिथं मोठं भांडण झालं होतं. धर्मगुरू कुणी नेमायचा, जमीनदारानं की गावानं? अर्धं गाव रुसून उठलं आणि ओढ्यापलीकडं दुसरं चर्च बांधून बसलं. एका घरातला भाऊ इकडं, बहीण तिकडं. पुढं काही पिढ्यांनी दोन्हीकडचे एक झाले, पण तोवर ओढ्यापलीकडच्या चर्चमध्ये मेंढरांचं गवत भरलेलं होतं. आमच्या पारावर हे ऐकून लोक माना हलवत होते. "पाटलानं पुजारी नेमायचा का गावानं. आपल्याकडचंच हाय की," असं एक जण म्हणाला.

भिंतीला साखळीनं अडकवलेली एक लोखंडी गळपट्टी होती, तिचीही गोष्ट त्यांनी सांगितली. जुन्या काळी ज्यानं दुसऱ्याची नालस्ती केली, त्याला रविवारी त्या पट्टीत मान अडकवून चर्चच्या दाराशी उभं करायचे. येणारे-जाणारे बघत जायचे. हे सांगून काकू म्हणाल्या होत्या, "आपल्याकडं लय पट्ट्या लागतील, बाई."

आता मुख्य गोष्ट. काकूंच्या परतीच्या थोडं आधी एका रविवारी प्रार्थना संपल्यावर कुणी उठलं नाही. प्रवचनवाली बाई मचाणावरून खाली आली आणि सगळ्यांच्या समोर उभं राहून बोलायला लागली. हातात कागद नव्हता, आवाज बारीक झाला होता. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा उठून काहीतरी बोलला आणि बसला. मग त्या बाईनं काहीतरी विचारलं. बाकाबाकांवरून हात वर गेले. काकूंनीही केला.

"शेजारी मार्गीअक्काचा बी हात वर होता. आन् डोळ्याला धार. मी म्हनलं, कुणी गेलं असंल, त्याच्यासाठी हात वर करायची रीत असंल."

घरी आल्यावर राजश्रीनं सांगितलं. चर्च बंद करायचं आणि इमारत विकायची, असा तो ठराव होता. माणसं उरली नव्हती, छप्पर गळत होतं.

"मी हात वर केला, मॅडम," काकू म्हणायच्या. पुडी अर्धी बांधलेली राहायची. "त्यांनी मला मोजे दिले, आन् मी त्यांचं देऊळ विकायला हात वर केला."

मी नाना परीनं समजावलं. तुम्हाला भाषा कळत नव्हती. तुम्ही केला नसता तरी तेच झालं असतं. यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, "ज्यांचं होतं, त्यांनी कामून केला? रडायलेत आन् हात वर करायलेत. हे कसं वो?" 

याच दिवसांत काकूंनी दुकानात महादेवाच्या तसबिरीशेजारी एक कॅलेंडर टांगलं. मार्गारेटबाईंनी दिलेलं, त्यावर त्या चर्चचा फोटो. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायच्या, "आमचं चर्च." शिवाय त्यांच्याकडं शिशाची एक चपटी चकती होती, तीही मार्गारेटबाईंनीच दिलेली. जुन्या काळी ज्याची वागणूक नीट, त्यालाच ती मिळायची, आणि ती दाखवली तरच चर्चमधल्या मोठ्या पंगतीला बसता यायचं. काकू ती गल्ल्यातच ठेवत. एकदा तर एका माणसाला सुट्ट्याबरोबर देऊन बसल्या आणि मागं पळत जाऊन परत आणली. गावात मात्र असं पसरलं, की शिवकांताबाईनं लिंगाबरोबर गळ्यात तिकडचं काहीतरी बांधलंय.

त्यात भर म्हणून चहाची गोष्ट. गावच्या मठाची मोठी खोली एरवी रिकामीच असायची. काकूंनी मठातल्या म्हाताऱ्या स्वामींना विचारलं आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं शेगडी मांडली. बायकांना निरोप दिले. पहिल्या दिवशी पुष्कळ जणी आल्या. चहा झाला. मग सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आता काय हाय, काकू? भजन हाय का?"

"न्हाई."

"मंग हळदी-कुंकू?"

"तसलं काय न्हाई. बसा की नुसतं."

नुसतं बसणं कुणाला जमेना. एकीला सुनेची आठवण झाली, एकीला दळणाची. बचत गटाचं काम असेल असं समजून आलेली एक जण तर कागदपत्रांची पिशवी घेऊन बसली होती. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या आल्या. नंतर मी आणि बसची वाट बघणारी कुणी तरी पोक्त बाई, एवढ्याच. काकूंना कळेना काय चुकलं. तितंही असंच होतं, अगदी असंच होतं, असं त्या म्हणायच्या. बिस्किटं बदलून पाहिली. शेवटी शेगडी परत दुकानात आली.

आणि मग एक वाक्य गावात फिरलं. चहा पाजून बाया गोळा करायलीय, तिकडच्यासारखं.

पुढं लिंगायत समाजातल्या एका घरी बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचा, लिंगधारणेचा कार्यक्रम होता. आमच्या गल्लीत सगळीकडं आमंत्रण आलं, काकूंकडं नाही. काकूंनी आपल्या मनानंच नारळ आणि झबलं बांधून ठेवलं होतं. महेशच्या बायकोला म्हणाल्या, तू जा. ती म्हणाली, बोलावलं नाही तर कशी जाऊ? नारळ दोन दिवस गल्ल्यावर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी काकूंनी तो फोडून मुलांना वाटला. त्या दिवशी मी डाळीच्या डब्यावर बसले तेव्हा त्यांनी नेहमीसारखा प्रश्न विचारला नाही. पुडी बांधता बांधता एवढंच म्हणाल्या, "मी काय केलं बाई? मी तर चहा पिले."

मी म्हटलं, "कॅलेंडर काढून ठेवा काही दिवस."

"काढलं तर मी कायतरी केलं होतं असं होतंय की," काकू म्हणाल्या. "आन् न्हाई काढलं तरी होतंय." कॅलेंडर तसंच राहिलं, पण मागच्या वर्षाचं होऊन गेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत राजश्रीनं मार्गारेटबाईंशी काकूंचा व्हिडिओ कॉल जुळवून दिला. भाषांतराला मला बोलावलं. महेशचा मोबाइल तुरीच्या डाळीच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या बाई, मागं चर्चचं दार. दारावर नवा हिरवा रंग होता. चर्च विकलं गेलं होतं, एका जोडप्यानं त्याचं घर केलं होतं. मार्गारेटबाई मोबाइल घेऊन भोवतीनं फिरल्या. थडगी तशीच होती. नव्या मालकाला लोकांना थडग्यांपर्यंत येऊ द्यावंच लागतं, असं त्या सांगत होत्या. माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि त्यांचे उच्चार वेगळेच, त्यामुळं प्रत्येक वाक्य मला दोनदा विचारावं लागत होतं. काकूंना मात्र घाई होती.

"इचारा, तुमी हात कामून वर केला मनावं. किल्ली तुमच्यापाशी. मालक तितंच मातीआड. तुमी तरी न्हाई मनायचं."

मी विचारलं. मार्गारेटबाई बराच वेळ बोलल्या. मी पुन्हा विचारून घेतलं, कारण मला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. मग मी काकूंना सांगितलं. त्या म्हणताहेत, की मी घरून ठरवूनच आले होते, हात मांडीवर ठेवायचा, वर करायचा नाही. मग शेजारी बघितलं तर शिवाचा हात वर. मनात आलं, ही बाई एवढ्या लांबून आली, हिचं कुणाशी वैर नाही, देणंघेणं नाही, मुकाट्यानं कपबशा धुते. हिलासुद्धा दिसतंय की आता संपलं, तर मी कशाला धरून बसू? म्हणून मी केला.

काकू पोत्याजवळ सरकल्या. मोबाइलला तोंड लावून, माझ्याकडं न बघता मराठीतच म्हणाल्या,

"अवो, मी तुमचा बगून केला की!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाई नाही नाही म्हणाल्या, तुझा आधी होता. काकू म्हणाल्या, आईची आन, तुमचा आधी होता. असं दोन-तीन वेळा इकडून तिकडं झालं. मधे मी. मग मार्गारेटबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. काकू हसल्या नाहीत. नेटवर्क गेलं आणि पडदा तसाच गोठून राहिला, चष्मा हातात, तोंड अर्धं उघडं.

"मंग पैला कुणाचा, मॅडम?"

मी म्हटलं, "मला कसं सांगता येईल, काकू?"

त्यांना धीर यावा म्हणून मी आणखी एक गोष्ट बोलून गेले. तुम्ही तिथल्या सभासद नव्हता, तुमचा हात मोजलाच नसेल, असं म्हणाले. काकूंनी पहिल्यांदाच पुडी सोडून माझ्याकडं बघितलं.

"मोजलाच न्हाई?"

"नसणारच."

"म्हंजी मी तितं नव्हतेच का?" त्या म्हणाल्या. "इतके दिस कप धुतले."

यानंतर दोन महिन्यांनी मठाची बैठक झाली. मठाची मोठी खोली गळत होती, एक भिंत फुगली होती. जागा बाजाररस्त्याला लागून. ती खोली पाडून खाली दुकानांचे गाळे काढायचे आणि वर नवा हॉल बांधायचा, असा समितीचा विचार होता. समितीत महेश पुढं होता. सगळी आखणी त्याचीच, आणि त्यातला एक गाळा त्याला घ्यायचा होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनाही. बैठकीला मीही गेले होते, बायकांच्या बाजूला काकूंशेजारी बसले. आमच्या दोन्हीकडं थोडी जागा मोकळी राहिली होती.

बोलणं झालं. महेश चांगला बोलला. छप्पर कधी तरी अंगावर पडेल, हेही खरंच होतं. मग स्वामी म्हणाले, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. पुरुषांचे हात वर गेले, बायकांचे गेले. काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. एवढ्या सगळ्या हातांत तो एकच पदर दिसत होता. स्वामींचं लक्ष गेलं.

"अक्का, तुमचं न्हाई का?"

"न्हाई असं न्हाई, स्वामी," काकू म्हणाल्या. "छप्पर गळायलंय ते मी बी बगायलेय. गाळे झाले तर माज्या महेशचं भलंच हाय. पर मला अजून समजंना. जरा बसू द्या मला."

"समजंना म्हंजी काय?" मागून कुणी तरी ओरडलं. "बाटलेल्या बाईला काय इचारायलाव तुमी? तिचं देऊळ तिकडं हाय!"

कुणी हसलं नाही. काकूंनी मान खाली घातली. मी त्यांचा हात धरायला गेले तर तो पदराखाली घट्ट मुठीत होता. समोर महेशचा हात अजून वर होता. त्यानं एकदा आईकडं बघितलं, एकदा मागं. मग हात खाली घेतला आणि म्हणाला, "आधी माझ्या आईची माफी मागा. मग गाळ्याचं बोलू."

गलका झाला. स्वामी उभे राहिले. "शिवकांताअक्काला ती लेकरू होती तव्हापासून मी वळखतो," असं काहीतरी म्हणत होते, पण ऐकू येत नव्हतं. दोन-तीन हात आणखी खाली आले, ते महेशकडं बघून की स्वामींकडं बघून, कुणास ठाऊक. माफी कुणी मागितली नाही. ठरावही झाला नाही. माणसं गटागटानं बोलत बाहेर पडली.

मला वाटलं होतं, काकू मुलावर खूश असतील. घरापर्यंत त्या आमच्या पुढंच चालल्या. दुकानाचं शटर वर केलं आणि मग वळून म्हणाल्या,

"तू हात कामून खाली घेतलास?"

महेश म्हणाला, "तुला बोलला तो, आई."

"मला बोलला. मठाला बोलला का? तुला गाळे पायजेत ना? मंग माज्यापायी खाली कशाला घ्यायचा? उद्या भित पडली तर?"

"म्हणजे आता गाळे करायचे म्हणतेस का तू?"

"तसं कुटं मनले मी?"

"मग तुला पायजे तरी काय?" महेश ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तेच तर कळंना बाबा," काकू म्हणाल्या, आणि पोत्यावर बसून राहिल्या. महेशनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला. मी जिना चढून वर आले. खाली दोघं बोलत होते की नाही, ऐकू आलं नाही.

महाशिवरात्रीच्या आधी मठाच्या खोलीवर पत्रे टाकले गेले, तात्पुरते. वर्गणीला काकूंच्या घरी माणसं आली, म्हणजे येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. ज्यानं मागून शब्द टाकला होता, त्याच्याच घरून तेलाच्या उधारीसाठी मुलगी आली आणि काकूंनी दिलं. ते माफ केलं म्हणून, की आधी हो म्हणायची सवय म्हणून, मला सांगता येणार नाही. गाळ्यांचा विषय मात्र संपला नाही. दर काही महिन्यांनी बैठक व्हायची आणि न ठरता उठायची. महेश कधी या बाजूला असायचा, कधी गप्प. काकू प्रत्येक बैठकीला जायच्या.

मग माझी बदली जिंतूरला झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोनं पुढं पाठवलं आणि मी निरोप घ्यायला दुकानात आले, तर गल्ल्यावर महेशची बायको. "आई मठात हायेत," ती म्हणाली, "बैठक हाय ना." बसला थोडा वेळ होता, म्हणून मी मठाकडं वळले.

खोलीत पुरुष तावातावानं बोलत होते. उन्हानं पत्रे तापले होते. बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या, एक जण तूर निवडत होती, एक जण कुणाच्या तरी लेकराला थोपटत होती. काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. मान किंचित एका बाजूला. कपाळावरचा एक पट्टा घामानं पुसला गेला होता. शेजारच्या बाईनं आपला पाय आखडून घेऊन त्यांना जागा करून दिली होती.

मी पायरीशी थांबले. महेश दारात आला, म्हणाला, "मॅडम, उठवू का?"

मी नको म्हटलं. काकू झोपल्या होत्या की नुसत्या डोळे मिटून आतलं बोलणं ऐकत बसल्या होत्या, ते मला कळेना. आत कुणाचा तरी आवाज चढला. काकूंचे ओठ हो म्हणावं तसे थोडे हलले, आणि थांबले. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.